दगडांना आवतण

"आमचा ढोल्या कुठी गेला वो बाई?"

भिवराबाईंनी हे विचारलं तेव्हा मी तिपाईवरच्या फळीवर कागद ताणून दगड क्रमांक नऊची कड उतरवत होते. माघ सरत आला होता. मोहखेडीच्या गायरानात पळसाला लाल टोकं फुटली होती, आणि गायरानाच्या मधोमध कमरेइतक्या उंच काळ्या दगडांचं एक भलंमोठं वर्तुळ उभं होतं. फेर धरून नाचता नाचता पोरींनी क्षणभर हात सोडावेत आणि तशाच थांबून राहाव्यात, तसं. आमच्या कागदांत त्याचं नाव ‘शिळावर्तुळ ४’. गावात त्याला बुढ्यांचं रिंगण म्हणत.

ढोल्या कोण ते मला कळेना. मला वाटलं, यांचा बैल दावं तोडून इकडे आला असावा, आणि मी तसं विचारलंही. भिवराबाईंच्या मागे त्यांची नात कौतिका उभी होती. ती ओढणी तोंडाला लावून हसली. मग तिनं बोट केलं. पाचव्या आणि सातव्या दगडाच्या मधे मोकळी जागा होती आणि तिथे मी एक लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर ‘६’ लिहिलं होतं.

"तो होय. तो तंबूपाशी ठेवलाय," मी म्हटलं. "चराच्या वाटेत येत होता."

भिवराबाईंनी तंबूकडे पाहिलं. आमचा मुकादम झिबल आणि दोन मजूर दगड क्रमांक सहावर बसून चहा पीत होते.

"त्याच्यावर बसून च्या पेऊन राह्यले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. थोरल्या दिराला कुणी उंबऱ्यावर बसवलेलं दिसावं, तसा चेहरा झाला होता. झिबल त्याच गावचा. तो कप हातात धरून हळूच उठला आणि दगडाची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसू लागला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. उत्खननावर नकाशे काढायचं माझं ते पहिलंच वर्ष, तेही रोजंदारीवर. आमचे प्रमुख खेरडे सर गुरुवारी सापडलेली मडकी गवतात बांधून नागपूरला घेऊन गेले होते आणि सोमवारी छायाचित्रकाराला घेऊन परतणार होते. तोवर सगळं माझ्यावर. जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, फोटो निघेपर्यंत रिंगणात आमच्याखेरीज कुणाचं पाऊल पडता कामा नये. दुसरी, या वर्तुळाचा नकाशा नीट उतरला तर कायमच्या जागेसाठी ते माझं नाव धाडतील.

सरांचं नकाशाचं वेड उगीच नव्हतं. ते वर्तुळ म्हणजे एक थडगं होतं, अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं. लोखंड घडवणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या कुणा लोकांनी आपलं माणूस इथं ठेवलं, शेजारी काळी-तांबडी मडकी मांडली, एक कुऱ्हाड ठेवली, घोड्याच्या लगामाची कडी ठेवली, वर माती-मुरूम लोटला आणि भोवती हे दगड लावले. त्यांची घरं क्वचितच हाती लागतात. राहायला कुडाच्या भिंती आणि मरणाला एवढाले दगड, असा त्यांचा हिशेब. म्हणून ती माणसं कशी जगली हे त्यांच्या थडग्यालाच विचारायचं, आणि विचारताना एकाही दगडाची जागा बोटभर चुकवायची नाही.

भिवराबाईंचं म्हणणं साधं होतं. सोमवारी कौतिकाचं लग्न. रविवारी हळद. हळदीआधी घरच्या बाया रिंगणाला फेरी घालतात, एकेका दगडाला हळद-कुंकू लावून, अक्षता वाहून, लग्नाला या म्हणून आवतण देतात. गावात दुसऱ्या कुणाला हे नेमकं येत नाही. प्रत्येक दगडाची ओवी वेगळी आणि सासूकडून शिकलेल्या त्या सगळ्या आता एकट्या भिवराबाईंना पाठ. ढोल्या तेवढा जागेवर आणून ठेवा, म्हणाल्या, बाकी आमचं आम्ही पाहू.

मी नाही म्हटलं. फोटोचं सांगितलं, दगडावरची हळद निघत नाही ते सांगितलं, सरांचा हुकूम सांगितला. भिवराबाईंनी ऐकून घेतलं, पुन्हा एकदा तंबूकडे पाहिलं आणि त्या गावाकडे वळल्या.

दुपारी कौतिका एकटीच आली.

"आजी भांडली का तुमच्यासंगं?"

"छे. एक शब्द बोलल्या नाहीत."

"मंग झालं. भांडली असती त बरं होतं." ती माझ्या फळीच्या सावलीत टेकली. "घरी जाऊन तिनं नवं लुगडं पेटीत ठेवून देल्लं. म्हणते, बुढे नाई त मी बी नाई. आई रडून राह्यली. बाबा म्हणते, तारीख पुढं ढकलू. पुढं म्हंजे वैशाखात. तवरिक त्याइचे लोक थांबतीन का?"

"आणि तुला काय वाटतं?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली. मुलगा वीजमंडळात लाइनमन होता. तिनं त्याला तीनदा पाहिलं होतं, त्यातलं एकदा खांबावर.

"खाली मी उभी होतो. त्यानं वरून पाह्यलं मले. पाह्यलं तरी पडला नाई." मग जरा थांबून म्हणाली, "थोडा त डुलाले पाह्यजे होता ना, बाई."

मी हसले, ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी पेन्सिल खाली ठेवली.

कायमची जागा मला हवी होती. फार हवी होती. पण त्या दुपारी दगड क्रमांक नऊची कड काही केल्या सरळ उमटेना. शेवटी मी कागदावर कापड टाकलं आणि कौतिकाबरोबर तिच्या घरी गेले.

भिवराबाई सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी येताना वाटेत एक तोडगा जुळवला होता. हळद दगडाला लावायची नाही. प्रत्येक दगडाच्या पायाशी पळसाचं पान मांडायचं, हळद, कुंकू, अक्षता सगळं त्या पानावर. फेरी झाली की पानं उचलायची. फोटोलाही धक्का नाही आणि आवतणालाही नाही. वाटेत हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. त्या सुपासमोर सांगताना माझी जीभ अडखळली.

त्यांनी दोन खडे निवडून बाजूला टाकले.

"पाहुण्याच्या पानावर वाढलं का पाहुण्याच्या तोंडात कोंबलं, काय फरक पडते," त्या म्हणाल्या. "पोचलं म्हंजे झालं. पण पानं मी नाई उचलू देणार. वाढलेलं पान कोणी ओढते का?"

"सोमवारपर्यंत कशी ठेवायची? फोटो आहेत."

"फोटोत बुढे जेवताना दिसतीन. दिसू दे."

मी ढोल्याला जागेवर ठेवायचं कबूल केलं आणि उठले. पेटीतलं लुगडं संध्याकाळी दोरीवर आलं, एवढं झिबलनं येऊन सांगितलं.

शनिवारी आम्ही ढोल्याला परत नेलं. खाली सागाचे गोल ओंडके, मागून चार पहारी आणि आठ माणसं. त्यातली तिघं नवरीकडची होती, त्यामुळे मजुरीचा विषय कुणी काढला नाही. दोन तास गेले. खुंटीपाशी पोचल्यावर झिबलनं विचारलं, "बाई, त्वांड कोणीकडं?"

मी नकाशा उघडला. दगडाची लांबी होती, रुंदी होती, उंची होती, उत्तरेपासूनचा कोन होता. त्याची कुठली बाजू आत आणि कुठली बाहेर, ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं. कुणी पाहू नये म्हणून मी कागद उगाच उलटसुलट केला.

बांधावरून भिवराबाई म्हणाल्या, "पोट आतून. तो पोट झाकून बसते, लाजरा हाय."

त्या बाजूनं दगड सोडला तर तो आपल्या जुन्या खळग्यात असा बसला, जणू बैठकीतल्या आपल्या नेहमीच्या जागेवर कुणी येऊन टेकलं. एक फटही राहिली नाही. मी नकाशावर ‘पोट आत’ असं लिहिलं आणि लगेच खोडून ‘फुगीर बाजू आत’ असं केलं.

रविवारी सकाळी बायका आल्या. पुढे भिवराबाई, हातात ताट, मागे कौतिका आणि तिच्यामागे वीसेक जणी. मी नकाशाची फळी गळ्यात अडकवून त्यांच्या मागे निघाले. पान कुठे कुणी दगडावर टेकवत नाही ना, एवढंच बघायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर मला ओव्या ऐकायच्या होत्या.

उगवतीच्या दगडापासून सुरुवात झाली. भिवराबाईंचा आवाज जाडा होता, कण्या भरडताना जात्याचा येतो तसा, पण तो शब्दाला कुठे टोचत नव्हता.

*पयली अक्षत गं, उगवतीच्या धोंड्याले,*
*लगीन हाय नातीचं, ये रे बाप्पा मांडवाले.*

एकेक दगड आपापल्या नावानं उठून उभा राहावा तसं होत गेलं. तिसरी ‘वाकडी’. ढोल्याला ओवीतून बजावलं होतं की पंगतीत दोनदा जेवायचं नाही. दहावा आणि अकरावा एकमेकांकडे पाठ करून कललेले. माझ्या नकाशावर ते ‘१०, ११ : कलते’ एवढेच होते.

*जावा जावा दोघी गं, नका फिरवू तोंड,*
*एका पाटावर बसा, वाढीन पुरन गोड.*

बायका हसल्या, आणि त्यातल्या दोघी जरा जास्तच जोरात हसल्या. त्या सख्ख्या जावा होत्या, असं झिबलनं मला नंतर सांगितलं.

चौदावा झाला. माझा पंधरावा पाच पावलं पुढे होता. भिवराबाई मात्र तीनच पावलांवर थांबल्या. पायाशी नुसतं गवत. त्यांनी वाकून गवतात पान मांडलं.

*पंधरावी धाकली गं, मातीआड लाजते,*
*तिच्या नावाची अक्षत, भुईवरती वाजते.*

आणि पुढे निघाल्या. माझ्या पंधराव्याला त्यांनी सोळावा म्हटलं. मी त्या गवतापाशी उभीच राहिले. मातीआड लाजते. मी नकाशात पाहिलं. सगळ्या दगडांमधलं अंतर जवळजवळ सारखं होतं. चौदा आणि पंधराच्या मधलं तेवढं मोठं. ते मी मोजलंही होतं, लिहिलंही होतं, आणि त्याचा विचार मात्र केला नव्हता. खिशातली खुंटी काढून मी तिथे रोवली.

त्यांचा एकोणिसावा झाल्यावर भिवराबाई पुन्हा थांबल्या. तिथेही दगड नव्हता. या वेळी ओवी नव्हती. त्यांनी ताट खाली ठेवलं, छातीवर हात ठेवला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मागच्या सगळ्याजणी तशाच, छातीवर हात ठेवून. कौतिकासुद्धा. गायरानातलं एक वासरू तेवढं हंबरलं. मग भिवराबाईंनी ताट उचललं, थोड्या अक्षता भुईवर टाकल्या, आणि विसाव्याकडे गेल्या. मी दुसरी खुंटी रोवली. ज्याच्यासाठी शब्दही उरला नाही असा हा दगड कोणाचा असेल?

आवतण पुरं झालं. बायका हळदीला गेल्या. परवानगीशिवाय एक टोपलं माती उचलायचा मला अधिकार नव्हता, आणि हे माहीत असूनही मी झिबलला खुरपी आणायला सांगितली.

पहिल्या खुंटीपाशी वीतभर माती काढली आणि खुरपी खणकन वाजली. ब्रशनं झाडत गेलो तसा एक काळा, गुळगुळीत माथा वर आला. इतरांपेक्षा लहान, एका अंगावर कलंडलेला. झिबल उकिडवा बसला आणि त्याच्या माथ्यावरून त्यानं तळवा फिरवला.

"धाकली," तो म्हणाला.

मग आम्ही दुसऱ्या खुंटीकडे धावलो. वीतभर, हातभर, दोन हात. काही नाही. नुसता पिवळा, घट्ट, कुणाचंच बोट न लागलेला मुरूम. मी खड्डा रुंद केला. तरी मुरूमच. आणि मी कमरेपर्यंत त्या खड्ड्यात उभी असतानाच जीप आली. सर एक दिवस आधी आले होते, छायाचित्रकाराला दुसऱ्या दिवशी सवड नव्हती म्हणून.

सरांनी आधी पानं पाहिली. मग अक्षता. मग एक खड्डा, मग दुसरा खड्डा, आणि मग त्यातली मी.

"मिस घाटोळे," ते म्हणाले, "मी तीन दिवस नव्हतो ना? मला वाटलं, तीन वर्षं झाली."

मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ढोल्याची आतबाहेरची बाजू नोंदवायची राहिली होती, तेही. सर धाकलीपाशी बसून बराच वेळ तो माथा बघत राहिले. त्यांनी टेप काढून स्वतः अंतर मोजलं, दोनदा. मग ओवी पुन्हा म्हणायला लावली. मी नकाशाच्या कडेला टिपलेली वाचून दाखवली.

"हे त्या बाईंना कुणी शिकवलं?"

"सासूनं."

"आणि तो दुसरा खड्डा?"

"तो कळत नाही, सर."

मांडवात हळद रंगात आली होती. कौतिका पाटावर पिवळीधमक बसलेली. सरांना पाहून गलका जरा थांबला. भिवराबाई नव्या लुगड्यात होत्या. सरांनी टोपी काढली आणि फार अदबीनं विचारलं की, मावशी, एकोणिसाव्यानंतर तुम्ही उभ्या राहता, तिथे कोण आहे?

"तिथं? तिथं कोणी नाई."

"मग थांबता कशाला?"

"माही सासू थांबे म्हणून." भिवराबाईंनी हातातली हळदीची वाटी शेजारणीकडे दिली. "तिले दमा होता ना. एकोणीस धोंडे म्हणेस्तवर तिचा दम सरे. मंग तिथं ताट ठेवे, छातीले हात लावे, जरा वेळ उभी राहे. मी नवी नवरी, मले वाटलं हे बी आवतणातलंच हाय. तशीच शिकलो. ते गेल्यावर समजलं का दम लागे म्हणून थांबे. पण मंग तिले टाकून पुढं जावाले पाय उचलेना."

त्या दोन जावांतली एक फसकन हसली आणि सगळा मांडव हसत सुटला. कौतिकाच्या गालांवरची हळद भेगाळली. सरही हसले, त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी मात्र त्या पिवळ्या मुरुमाच्या खड्ड्याचाच विचार करत होते. हजारो वर्षांच्या त्या रिंगणात एका बाईनं तिथे फक्त श्वास घेतला होता, आणि तेवढ्यानं तिथे एक जागा तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. लाइनमन दिसायला चांगला होता आणि अंतरपाट दूर झाल्यावर तो थोडासा डुलला, हे मी स्वतः पाहिलं. फोटो पानांसकट निघाले, कारण पानं उचलायला भिवराबाईंनी सरांनाही परवानगी दिली नाही. माझी कायमची नेमणूक चार महिन्यांनी आली. विनापरवानगी दोन खड्डे घेतल्याबद्दलचा मेमोही त्याच पाकिटात होता.

पण नकाशाचं सांगायचं राहिलं. निघण्याच्या दिवशी मी भिवराबाईंकडे गेले आणि त्यांच्या सासूचं नाव विचारलं. त्या गप्प झाल्या. मला वाटलं, सासूचं नाव घ्यायचं नसेल.

"तसं नाई," त्या म्हणाल्या. "कोणी विचारतच नाई ना, म्हणून ओठावर याले वेळ लागला. सकवार."

नागपूरला जाऊन मी शाईनं पक्का नकाशा केला. बावीस दगड, उत्तर दिशेचा बाण, मोजपट्टी. ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. तिथे ‘दफन’ एवढंच लिहिलं. एकोणीस आणि वीसच्या मधे मात्र, जिथे काहीच नव्हतं, एक बारीक टिंब दिलं आणि त्याच्याशेजारी लिहिलं : ‘येथे सकवार थांबत असे.’

मी कागद सरांच्या सहीसाठी नेला. सरांनी तो खिडकीपाशी नेला. एकेका दगडावरून बोट फिरवत ते त्या टिंबापाशी आले आणि तिथे बोट थांबलं.

"अक्षर जरा लहान करा, मिस घाटोळे," ते म्हणाले. "दगडांना खेटतंय." आणि त्यांनी सही केली.